काहिलीतली पूड

१९ नोव्हेंबर २०२४ या दिवशी वत्सला रोकडेने मुरबाडच्या एका पशुखाद्याच्या दुकानातून सहाशे चाळीस रुपयांची, एक किलोची पिशवी घेतली. पाचशे रोख दिले आणि एकशे चाळीस पुढच्या खेपेला देते म्हणाली. दुकानातल्या हरेशने मान डोलावली. हे गिऱ्हाईक पैसे बुडवणारं नाही, एवढं त्याला पक्कं ठाऊक होतं. पिशवीत फिकट बदामी रंगाची पूड होती. डुकरांच्या खाण्यात घालायची.

वत्सलाचं डुकरांचं शेड शहापूर-मुरबाड रस्त्याला, किन्हवलीच्या अलीकडे, रस्ता सोडून थोडं आत आहे. वर सिमेंटचे पत्रे, खाली विटांचे खण, पुढे धुतलेलं फरशीचं अंगण. पहिल्यांदा येणारा माणूस नाकाला रुमाल लावूनच येतो आणि दोन मिनिटांनी तो रुमाल हळूच खिशात घालतो. वास अजिबात येत नाही असं नाही, पण रुमाल लावण्याइतका येत नाही. या एका गोष्टीचा वत्सलाला भारी अभिमान होता, आणि त्याला कारणही होतं.

शेड घालायचं ठरलं तेव्हा सासू चंद्राबाई तीन दिवस सुनेशी बोलली नव्हती. चौथ्या दिवशी बोलली ती अशी:

"वत्सले, मेलेली ढोरं ओढायची आमी सोडली. गावानं पानी तोडलं, तरी परत हात लावला नाय. आन् तू डुकरं आनतेस दारात?"

"आई, ती दुसऱ्याची चाकरी होती. ह्यो माजा धंदा हाय."

"लोक काय म्हनतील?"

"लोकांनी येऊन बघावं. तुमच्या चुलीपुढं नसंल एवढी सफाई माज्या शेडात दिसंल."

वत्सलाचा नवरा जयराम कल्याणच्या छापखान्यात नोकरीला होता. तो दाराशी बसून हे ऐकत होता. "आई, आता गप बस," तो म्हणाला. "उद्या ही डुकरांना टूथब्रश देईल, मग बोल."

टूथब्रश दिला नाही, पण बाकी काही ठेवलं नाही. खण दिवसातून दोनदा धुतले जायचे. बाहेरची चप्पल आत नाही, आतली बाहेर नाही. पुढे जयराम निवृत्त झाला आणि त्याने तीनचाकी टेम्पो घेतला. हायवेवरच्या ढाब्यांवर उरलेलं अन्न तो पिंपांत भरून आणू लागला. त्याच्यावर जोड म्हणून गिरणीतला भाताचा कोंडा, मक्याचा भरडा, सोयाबीनची पेंड आणि मिनरलची पांढरी पूड. धंदा बरा चालला. कल्याणचा व्यापारी टेम्पो घेऊन दारात यायचा आणि माल बघून भाव पाडायची त्याची हिंमत व्हायची नाही.

मग एका वर्षी लग्नसराईत जयरामने एका लग्नातलं उरलेलं अन्न आणलं. त्या दिवशी लाकडं ओली होती, वत्सलाला ताप होता, आणि ते अन्न तसंच, न शिजवता खणांत गेलं. आठवडाभरात शेडात साथ शिरली. डुकरं अंग टाकायला लागली. कानांच्या कडा जांभळ्या पडायच्या आणि सकाळचं जनावर संध्याकाळी नसायचं. शेड जवळजवळ रिकामं झालं. राहिलं ते एक मादी पिल्लू, मुठीत मावेल एवढं. त्याची आई गेली होती. शहापूरहून आलेल्या सरकारी डॉक्टरीणबाई रिकाम्या खणांकडे बघत म्हणाल्या, "वत्सलाबाई, एक गोष्ट कायमची लक्षात ठेवा. उकळल्याशिवाय जनावराच्या तोंडात काही जाता कामा नये."

वत्सलाने ते वाक्य पदराला गाठ मारावी तसं बांधून ठेवलं. गुळाच्या गुऱ्हाळातली एक जुनी लोखंडी काहील तिने विकत आणली, अंगणात तीन दगडांवर बसवली, आणि त्या दिवसापासून जे काही यायचं ते काहिलीत जायचं. खरकटं काहिलीत, कोंडा काहिलीत, भरडा, पेंड, पांढरी पूड, सगळं काहिलीत. चांगले मोठे बुडबुडे येऊन रटरटल्याशिवाय ती ढवळायचा दांडा खाली ठेवायची नाही. जयराम एकदा म्हणाला, "अगो, मक्याच्या भरड्याला कसला रोग?" त्यावर वत्सला म्हणाली, "लग्नाच्या बुंदीला तरी कुठं दिसत होता?"

वाचलेलं पिल्लू घरात आणलं गेलं, आणि इथे एक गंमत झाली. जिने डुकरं दारात नको म्हटलं होतं, त्या चंद्राबाईनेच त्याला जगवलं. शेळीच्या दुधात कापसाची वात बुडवून ती त्याच्या तोंडात धरायची. टोपलीत, चुलीच्या उबेला ठेवायची. कुणी हसलं तर म्हणायची, "आई मेलेलं पोर हाय ते. त्याला काय कळतंय आपन कोन ते?" ते पिल्लू मोठं झालं, व्यालं, पुन्हा व्यालं. शेड पुन्हा भरलं ते सगळं तिच्या पोटचं. तिला सगळे थोरली म्हणत. वत्सलाचा आवाज रस्त्यावरून आला की थोरली खणाच्या भिंतीवर पुढचे पाय टेकून उभी राहायची, म्हाताऱ्या बाईने खिडकीतून डोकवावं तशी.

आता त्या बदामी पुडीकडे येऊ.

शेडाच्या खाली उतारावर ठाकूरपाडा आहे आणि पाड्याच्या वरच्या अंगाला एक तळं आहे. पाड्यातला नामा त्या तळ्यावर म्हशींना पाणी पाजतो. पावसाळा सरल्यावर तो एक दिवस वर चढून आला आणि अंगणाबाहेरच उभा राहिला.

"वत्सलाबाय, माजा तळा बघितलास का? शेवाळाची गोधडी पांघरून बसलाय. म्हस तोंड लावत नाय."

"पावसाच्या पान्यानं येतं शेवाळ, नामादादा. सगळ्याच तळ्यांना येतं."

"येतं ना. पन तुजी डुकरा नव्हती तवा एवढा येत नव्हता. पाऊस तवा पन पडत होता."

नामा भांडला नाही, ग्रामपंचायतीत गेला नाही, दोन वाक्यं बोलून खाली उतरला. ते तिला जास्त लागलं. स्वच्छतेच्या बळावर जिने सासूचं तोंड बंद केलं होतं, तिच्या शेडाची घाण दुसऱ्याच्या म्हशीच्या पाण्यात जात होती. तिने ते मुरबाडला हरेशच्या कानावर घातलं.

हरेश पंचविशीतला, शेतीची पदविका घेतलेला, बोलायला गोड पोरगा. त्याने तिला स्टूल दिलं आणि समजावून सांगितलं.

"मावशी, खुरासणीच्या दाण्यात तेल असतं की नाही?"

"असतं."

"पण घाण्यात घातल्याशिवाय हाताला लागतं का? तसं कोंड्याचं आहे. कोंड्यात फॉस्फरस भरपूर, पण डुकराच्या पोटात घाणा नाही. त्याला तो काढताच येत नाही. मग तुम्ही वरून मिनरलची पांढरी पूड घालता, त्यातला फॉस्फरस त्याला मिळतो. आणि कोंड्यातला सगळा शेणावाटे बाहेर. तो पाण्यात गेला की शेवाळाला खत."

"म्हंजे आमी शेवाळाला खुराक घालतो?"

"तसंच. ही पूड एन्झाइमची आहे, फायटेज म्हणतात. हा तुमचा घाणा. दिवसाच्या खाण्यात दोन सपाट चमचे मिसळायचे. कोंड्यातलाच फॉस्फरस अंगी लागतो. पांढरी पूड बंद करा, नुसती चुनखडीची भुकटी चालू ठेवा. महिन्याला एका पोत्याचे पैसे वाचतील, आणि तळंही सुधारेल. फक्त थंड, कोरड्या जागी ठेवा. ही नाजूक असते."

वत्सलाला पैसे वाचण्यापेक्षा तळ्याचं जास्त बरं वाटलं. तिने पिशवी घरी आणली आणि पूड एका स्टीलच्या डब्यात ओतली. डबा कुठे ठेवायचा यावर विचार केला. स्वयंपाकघर गरम, शेड दमट. शेवटी मधल्या खोलीत माठाच्या शेजारी, पाटावर ठेवला. तिथे उन्हाळ्यातही गारवा असतो. झाकणाखाली तिने फडकं घातलं. जयराम म्हणाला, "नातवालासुद्धा एवढं जपलं नाय गो तू."

दुसऱ्या दिवशी सकाळी काहील रटरटायला लागली तेव्हा तिने डबा आणला, दोन सपाट चमचे मोजले, बुडबुड्यांत टाकले आणि दांड्याने ढवळलं. डबा लगेच आत नेऊन ठेवला.

डिसेंबर बरा गेला. जानेवारीत लहान डुकरं भिंती चाटायला लागली. विटांच्या सांध्यांतलं सिमेंट ती दातांनी खरवडत. वत्सलाने ते पाहिलं आणि खेळतात म्हणून सोडून दिलं. खाणं थोडं कमी झालं होतं, तेही तिने थंडीवर घातलं. एक-दोन जनावरं चालताना मागचे पाय आखडत होती. फरशी गार असते, असं म्हणून तिने खाली पेंढा पसरला.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला कल्याणचा व्यापारी आला. माल टेम्पोत चढवताना फळीवरून एक तयार नर घसरला. फार उंचावरून नाही, हातभर. पण खाली आला तेव्हा सुकं लाकूड मोडावं तसा आवाज झाला आणि त्याचा मागचा पाय गुडघ्याच्या वर वाकडा लोंबायला लागला.

"काय हो काकू," व्यापारी म्हणाला, "यंदा डुकरांना हाडांऐवजी पापड घातलेत काय आत?"

वत्सला हसली नाही. त्या व्यापाऱ्याने तिच्या मालाला नाव ठेवलेलं तिने पहिल्यांदाच ऐकलं होतं. फळी ओली असेल, पाय अडकला असेल, असं ती दिवसभर घोकत राहिली. फळी ओली नव्हती.

थोरली तेव्हा नुकतीच व्याली होती. अकरा पिल्लं, सगळी धडधाकट. अंगाने गोल, कातडी गुलाबी, दिवसभर आईला लुचणारी. चंद्राबाईला आता नीट दिसत नाही, पण ती काठी टेकत शेडापर्यंत यायची आणि पिल्लांचा कलकलाट ऐकून खूश व्हायची. "थोरलीचं दूध म्हंजे दूध," ती म्हणायची.

पिल्लं तीन आठवड्यांची झाली असतील. एका सकाळी जयरामचा टेम्पो वळला, पिंपं खडखडली, आणि नेहमीसारखी वत्सलाने हाक मारली, "थोरले, आले गो!"

थोरलीने भिंतीवर पुढचे पाय टेकले. मागच्या पायांवर जोर दिला. तेव्हाच आतून काहीतरी तुटल्याचा आवाज आला. मोठा नाही, पण स्पष्ट. थोरली मागच्या मागे बसली आणि मग कुशीवर कोसळली. पुढच्या पायांनी ती फरशी ओरबाडत होती. मागचं अंग कुणा दुसऱ्याचं असावं तसं पडून होतं. पिल्लांनी तेवढ्यातच तिची आचळं धरली.

वत्सला खणात उतरली, थोरलीच्या कमरेखाली हात घातले आणि उचलायला लागली. तीन माणसांचं ओझं, ते काय हलणार? जयरामने तिला मागे ओढलं. "अगो सोड, तुजी कंबर मोडंल!" मग त्याने खालच्या पाड्यात हाक घातली. नामा दोघांना घेऊन धावत आला. गोणपाटाची झोळी करून चौघांनी थोरलीला उभं करून बघितलं. झोळी सैल केली की ती खाली. पुन्हा उचललं, पुन्हा खाली. नामा घाम पुसत हळूच म्हणाला, "बाय, ही मागून मेलीय."

घराच्या ओट्यावरून चंद्राबाईचा आवाज आला, "उठली का गो?"

चौघांनी पुन्हा झोळीला हात घातला.

डॉक्टरीणबाई बाहेरगावी होत्या, उद्या येते म्हणाल्या. उद्यापर्यंत हातावर हात ठेवून बसणं वत्सलाला जमणारं नव्हतं. गेल्या तीन महिन्यांत शेडात नवीन काय आलं, तर एकच वस्तू. तिने एसटी पकडली आणि मुरबाडला दुकानात जाऊन उभी राहिली. दुकानात गिऱ्हाईकं होती, मालक गल्ल्यावर होता. तिने कुणाची भीड ठेवली नाही.

"हरेश, काय माती इकलीस मला? पांढरी पूड बंद करायला लावलीस, आन् हातात काय दिलंस? माजी जनावरं पडायला लागली! हाडं मोडायला लागली!"

"मावशी, आधी बसा तरी."

"मी बसायला आलेली नाय. तुजे एकशे चाळीस मागशील तर याद राख. आन् भावांनो, तुमी पन घेताय ते बघून घ्या. ह्यो पोरगा गोड बोलून गळा कापतो."

हरेशचा चेहरा पांढरा पडला. मालकाने एकदा त्याच्याकडे आणि एकदा गिऱ्हाइकांकडे पाहिलं. एकाने हातातली पिशवी गुपचूप फळीवर परत ठेवली. वत्सला आली तशी निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी हरेश मोटारसायकलवरून शेडावर आला. वत्सला काहिलीपाशी दांडा फिरवत होती. तिने मान वर केली नाही. जयराम म्हणाला, "आलास? ये. हिच्या हातात दांडा हाय, जरा लांबूनच बोल."

हरेश हसला नाही. तो आधी थोरलीपाशी गेला आणि तिच्याकडे बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "मावशी, पूड दाखवता?"

वत्सलाने आतून डबा आणला. "बघ. माठाच्या शेजारी ठेवलीय. पानी लागू दिलं नाय, ऊन लागू दिलं नाय."

त्याने पूड बोटांत चोळली. गार होती, कोरडी, एक गुठळी नाही. दुकानातसुद्धा एवढी नीट राहत नव्हती.

"चमचा किती घालता?"

"दोन. सपाट. तू दिलेल्या चमच्यानं."

"रोज?"

"एक दिवस चुकला नाय."

हरेश ओट्याच्या पायरीवर बसला. त्याला काही सुचेना. माल चांगला, माप बरोबर, ठेवण बरोबर. मग हे झालं कसं? तो तसाच डोकं धरून बसला होता. इकडे काहील रटरटायला लागली. जनावरं ओरडत होती आणि कुणाच्या भांडणासाठी वत्सला त्यांचं खाणं अडवून ठेवणार नव्हती. तिने त्याच्या समोरचा डबा उचलला, दोन सपाट चमचे घेतले आणि उकळत्या बुडबुड्यांत टाकले.

हरेश ताडकन उठला.

"मावशी! काय केलंत?"

"काय केलं?"

"उकळत्यात टाकलीत?"

"मग? न उकळता घालू? माज्या शेडात उकळल्याशिवाय काय जात नाय. डॉक्टरनीनं सांगितलेलं हाय."

"रोज अशीच टाकता? पहिल्या दिवसापासून?"

"रोज."

हरेशने दोन्ही हात डोक्यावर नेले. बोलला तेव्हा त्याचा आवाज इतका खाली गेला होता की जयरामला पुढे यावं लागलं.

"मावशी, अंडं उकडून कोंबडीखाली ठेवलं, तर पिल्लू निघेल?"

"काय बोलतोस?"

"ही पूड तशीच आहे. उकळीत तिच्यात काही उरत नाही. घाणाच मोडतो. चमचा पडला त्या क्षणाला ती संपली. जनावरांच्या पोटात कधी पोचलीच नाही. आणि पांढरी पूड तर आपण बंद केली. म्हणजे तीन महिने त्यांना काहीच..." तो थांबला. मग म्हणाला, "मी विचारलंच नाही, तुम्ही शिजवता का. आमची सगळी गिऱ्हाइकं कोरडं खाद्य घालतात. मी विचारलंच नाही."

वत्सला दांडा धरून उभी होती. दांडा काहिलीत रुतला होता, आणि खालचा जाळ मोठा असल्याने खाणं फुटून तिच्या हातावर उडत होतं. तिने हात काढला नाही. जयरामने येऊन तिची बोटं एकेक करून सोडवली तेव्हा मनगटावर भाजल्याचे तांबडे ठिपके उठलेले दिसले. ती काहिलीकडेच बघत होती. या काहिलीने तिचं शेड सहा वर्षं वाचवलं होतं. रोज सकाळी, एक दिवस न चुकता, माठाशेजारचा गार डबा आणून, सपाट चमचा मोजून, तिने स्वतःच्या हाताने...

"मी घातलं," एवढंच ती म्हणाली. पुन्हा म्हणाली, "अवो, मी घातलं रोज."

दुपारी डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी थोरलीच्या पाठीवरून, कमरेवरून हात फिरवला, शेपटीपाशी सुई टोचून पाहिली. थोरलीला ती सुई कळलीच नाही. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. हरेशला म्हणाल्या, "अरे, दूध पाजणाऱ्या मादीची पांढरी पूड एकदम बंद करतात का? तिला तर सगळ्यात जास्त लागते." मग वत्सलाकडे वळल्या.

"कमरेतला मणका मोडलाय. हाडांना लागणारा फॉस्फरस हिच्या खाण्यात नव्हता, पण पिल्लांना दूध तर पाजायचं होतं. मग हिने स्वतःच्या हाडांतला काढून दुधात घातला. म्हणून पिल्लं बघा कशी टणटणीत आहेत."

वत्सलाने पिल्लांकडे पाहिलं. अकरा गोल पोटं, अकरा गुलाबी पाठी. आदल्या दिवसापर्यंत तिला ती बघून अभिमान वाटत होता. आता ती बघवेनात. ती खणाच्या भिंतीला टेकून खाली बसली.

"डॉक्टरीणबाई, तुमीच म्हनालात ना, उकळल्याशिवाय..."

"म्हणाले होते. ते खरकट्यासाठी, वत्सलाबाई."

मग बाई म्हणाल्या, "बाकीची उठतील. पांढरी पूड आजच चालू करा. हिचं मात्र काही होणार नाही. अशी ठेवली तर अंगाला फोड येतील, किडे पडतील. तुम्ही सांगा."

वत्सलाने सांगायला वेळ घेतला. आत जाऊन ती सासूपाशी बसली आणि सगळं सांगितलं, काही न लपवता. चंद्राबाई ऐकत होती. सुनेला बोल लावण्याचा तिला हक्क होता, आणि तो सोडणारी ती नव्हती, पण त्या दिवशी ती फक्त म्हणाली, "मला ने तिच्याकडं." तिला शेडात नेलं. तिने चाचपडत थोरलीचा कान धरला आणि तोंडाशी हात नेला. थोरलीने ती बोटं ओठांत घेतली, वात चोखावी तशी. मग बाईंनी इंजेक्शन दिलं.

थोरलीला पुरलं. एका व्यापाऱ्याचा निरोप आला होता की मांसासाठी गुपचूप देऊन टाका, कोण विचारतंय. जयरामने त्याला चार शब्द ऐकवले. नामाने आपल्या पाड्याच्या माणसांना लावून तळ्यापासून लांब, वरच्या अंगाला खड्डा खणला आणि चुना टाकून बुजवला. निघताना वत्सलाला म्हणाला, "माजा तळा हिरवा तो हिरवाच राहिला, बाय. तुजी डुकरीन मात्र गेली." बोलून झाल्यावर त्यालाच वाईट वाटलं असावं. दुसऱ्या दिवशी त्याची बायको सोमी शेळीच्या दुधाची बाटली घेऊन आली आणि पिल्लं दाण्यावर येईपर्यंत रोज येत राहिली.

बाकीची जनावरं उठली. आधी भिंती चाटणं थांबलं, मग पाय सुटे झाले. काहील अजून पेटते. खरकटं उकळल्याशिवाय आजही खणात जात नाही. फक्त आता शिजल्यावर काहील खाली उतरवतात. वत्सला खाण्यात कोपरापर्यंत हात बुडवून बघते. बाळाच्या अंघोळीचं पाणी जेवढं कोमट हवं तेवढं झालं, की डबा आणायचा. नवीन पिशवी तिने किन्हवलीच्या माणसाकरवी मागवली. स्वतः मुरबाडला जायचा तिला धीर होत नव्हता. पांढरी पूड अर्धी ठेवली आहे, डॉक्टरीणबाई म्हणतील तेव्हाच कमी करायची. पुढच्या पावसाळ्यानंतर नामाच्या तळ्यावर शेवाळ आलं, पण काठाकाठाने. मधलं पाणी दिसत होतं. नामा म्हणाला, "गोधडी फाटली." म्हशी पाणी प्यायला लागल्या.

चंद्राबाई शेडाकडे यायची बंद झाली. ओट्यावर बसून ती टेम्पोचा आवाज ऐकते. वत्सला आता रस्त्यावरून हाक मारत नाही.

त्या पावसाळ्याआधी, एप्रिलमध्ये वत्सलाने धीर केला आणि मुरबाडला गेली. दुकानात भर गर्दीत तिने ओरडून बदनामी केली होती, तर माफीही भर गर्दीतच मागायची, असं तिने ठरवलं होतं. गर्दी होती. हरेश नव्हता. मालक म्हणाला, "तुम्ही गेल्यावर पाच-सहा गिऱ्हाइकं तुटली, बाई. मी त्याला बोललो. तुमची बाकी त्याच्या पगारातून कापली. महिना भरला आणि गेला तो."

"कुठं गेला?"

"कुणी सरळगावला म्हणतं, कुणी नाशिकला. फोन लागत नाही."

"त्याची एकट्याची चूक नव्हती. निम्मी माजी होती," वत्सला मोठ्याने म्हणाली. दुकानातल्या माणसांनी वळून पाहिलं. त्यांतलं कुणीही त्या दिवशी तिथे नव्हतं. ती काय बोलते आहे ते त्यांना कळलं नाही.

मालकाने हात पुढे केला. तिने पैसे त्याला दिले नाहीत. ते त्याचे नव्हते.

नोटा माठाच्या शेजारी, जुन्या डब्यात ठेवल्या आहेत. हरेशचे एकशे चाळीस रुपये द्यायचे बाकी आहेत.